हवा, पेट्रोल आणि दीड फेरा

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इंजिनाची सर्वाधिक ताकद मात्र याहून थोडे जास्त पेट्रोल मिळाल्यावर, म्हणजे एका किलोमागे साडेबारा ते तेरा किलो हवा असताना निघते. कार्बोरेटरने हे प्रमाण सांभाळायचे असते, तेही गाडी सिग्नलला उभी असताना, गल्लीत रमतगमत चालताना आणि चढावर पूर्ण थ्रॉटल पिळलेला असताना. पेट्रोल जास्त झाले की मिश्रण रिच, कमी पडले की लीन. या दोन टोकांमध्ये योग्य जागा शोधणे म्हणजेच स्कूटरचे कार्बोरेटर सेटिंग.

बजाज चेतकसारख्या टू-स्ट्रोक स्कूटरमध्ये ही दोन टोके सारख्या धोक्याची नाहीत. मिश्रण रिच असेल तर गाडी धूर ओकते, प्लग काळा पडतो, सायलेन्सरमध्ये काजळी साचते आणि पेट्रोल वाया जाते. हे सगळे त्रासदायक असले तरी दुरुस्त होण्यासारखे आहे. मिश्रण लीन असेल तर पिस्टन बोअरमध्ये पकडतो. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगणासाठी वेगळे ऑइल मिळत नाही. पेट्रोलात मिसळलेले २ टक्के ऑइल हेच क्रँकच्या बेअरिंगचे आणि पिस्टनचे वंगण असते. शिवाय पेट्रोलाची वाफ होताना आतली उष्णता शोषली जाते. त्यामुळे पेट्रोल कमी पडले की वंगणही कमी पडते, थंडावाही कमी पडतो, आणि नेमके त्याच वेळी ज्वलन जास्त तापते. मिश्रणाबद्दल शंका असेल तर चूक रिचच्या बाजूने करावी, हा या कामाचा पहिला नियम आहे.

महाराष्ट्रातल्या घरांनी हा नियम बराच काळ उलटा पाळला आणि त्याला कारणही होते. बजाजला स्कूटर बनवण्याचा परवाना १९५९ मध्ये मिळाला. त्यासाठी इटलीच्या पियाज्जिओबरोबर केलेला करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये आकुर्डीहून चेतक बाजारात आली. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया तयार होऊ लागली. गाडीसाठी नाव नोंदवून कित्येक वर्षे थांबावे लागे, आणि एकदा घरात आलेली स्कूटर पुढे वीस-पंचवीस वर्षे घरच्यासारखी राही. महिन्याचा पगार आणि पेट्रोलचा भाव यांचा मेळ घालताना 'अॅव्हरेज किती देते?' हा प्रश्न प्रत्येक गॅरेजमध्ये पहिला विचारला जाई. मेकॅनिकही गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी स्क्रू आत घेई, कधी पेट्रोलचे छिद्र लहान असलेला जेट बसवी. लिटरमागे चार-पाच किलोमीटर वाढत, आणि त्या बचतीपेक्षा किती तरी जास्त खर्च पुढे बोअरिंग आणि नव्या पिस्टनवर होई. मेकॅनिकच्या हाताचा त्यात दोष नव्हता. त्याच्याकडे केलेली मागणीच चुकीची होती.

इथले विवेचन टू-स्ट्रोक चेतक, सुपर, प्रिया, कानपूरची एलएमएल व्हेस्पा आणि इटालियन व्हेस्पा पीएक्स या कुळाला लागू आहे. चेतकचे शेवटच्या काळातले फोर-स्ट्रोक रूप वेगळे, त्याचा कार्बोरेटरही वेगळा. या कुळाचा कार्बोरेटर मूळचा डेलोर्तो कंपनीच्या एसआय मालिकेचा. डेलोर्तोची स्थापना १९३३ मध्ये मिलानजवळच्या सेरेन्योत झाली. भारतात हाच कार्बोरेटर परवान्याखाली स्पॅकोने बनवला, आणि हजारो चेतकांच्या कार्बोरेटरवर आजही त्याच नावाचा ठसा दिसतो.

जेटवरचे आकडे

उजवीकडचे इंजिनाचे कव्हर काढले की क्रँककेसच्या माथ्यावर एक धातूचा डबा दिसतो. दोन स्क्रू सोडून त्याचे झाकण उघडले की आत एअर फिल्टर, आणि फिल्टर काढला की त्याखाली कार्बोरेटर. हवा सीटखालच्या पोकळीतून रबरी नळीवाटे या डब्यात येते, फिल्टरमधून खाली उतरते आणि थेट क्रँककेसमध्ये शिरते. झडप म्हणून वेगळा भाग नसतो. क्रँकचीच गोल पाकळी फिरताना आत येण्याचे तोंड उघडते आणि मिटते. पाकळी आणि तिच्यासमोरची घासून गुळगुळीत केलेली भिंत यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांशांएवढीच फट असते. या भिंतीवर चरे पडलेले असतील तर मिश्रण उलटे डब्यात फेकले जाते. अशा इंजिनावर सेटिंग कितीही काळजीने केले तरी टिकत नाही.

मोटारसायकलींच्या बऱ्याच कार्बोरेटरमध्ये थ्रॉटलच्या स्लाइडला निमुळती सुई लटकलेली असते आणि मधल्या टप्प्यातले पेट्रोल ती ठरवते. एसआयमध्ये ती सुईच नाही. इथे स्लाइड म्हणजे आडवी सरकणारी एक चपटी पट्टी. त्यामुळे सुईची क्लिप वर-खाली करून मधला टप्पा दुरुस्त करण्याची सोय नाही. सगळे काम दोन जेट-संचांवर चालते, आणि दोघांच्या हद्दी एकमेकांत शिरलेल्या असतात.

पहिला पायलट जेट, म्हणजेच आयडलिंगचा जेट. त्यावर ४८/१६० किंवा ४५/१४० असे दोन आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा पेट्रोलच्या छिद्राचा, दुसरा हवेच्या छिद्राचा, आणि दोन्ही मिलिमीटरच्या शतांशांत. म्हणजे ४८/१६० मध्ये पेट्रोलला ०.४८ मिमी आणि हवेला १.६० मिमी वाट आहे. दोन जेटांची तुलना करायची तर दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागावे. ४८/१६० चे उत्तर ३.३३ येते, ४५/१४० चे ३.११, ५५/१६० चे २.९१. उत्तर जितके लहान, तितका जेट रिच. नुसता पहिला आकडा पाहणाऱ्याला ४५ हा ४८ पेक्षा लीन वाटतो, पण हवेचे छिद्रही लहान असल्याने प्रत्यक्षात तो जास्त रिच आहे. दुकानातून बदली जेट आणताना ही फसगत फार होते.

दुसरा संच एकावर एक बसणाऱ्या तीन तुकड्यांचा. सर्वात वर एअर करेक्टर, मध्ये बारीक भोकांची पितळी इमल्शन ट्यूब, तळाशी मेन जेट. १५० सीसीच्या व्हेस्पा पीएक्सला कारखान्यातून २० मिमीच्या कार्बोरेटरमध्ये १६०, बीई३ आणि १०० असा संच मिळे, पायलट ४८/१६०. १२५ सीसीला मेन जेट थोडा लहान असे. २०० सीसीला २४ मिमीचा कार्बोरेटर, ११६ किंवा ११८ चा मेन जेट आणि ५५/१६० चा पायलट. मेन जेट मोठा केला की मिश्रण रिच होते, एअर करेक्टर मोठा केला की लीन, आणि तेही मुख्यतः वरच्या वेगात. इमल्शन ट्यूबवरची भोके कोणत्या उंचीवर आहेत त्यावर पेट्रोलात हवेचे बुडबुडे कधी मिसळू लागणार हे ठरते. १५० सीसीच्या मूळ इंजिनाला बीई३ पुरते; ती बदलण्याच्या फंदात सहसा पडू नये.

चेतक तीन दशके बनत राहिली आणि या काळात तिच्या जेटांचे आकडे बदलत गेले. त्यात दर मालकाने, दर मेकॅनिकने केलेली अदलाबदल वेगळी. म्हणून ऐकीव आकड्यावर विसंबू नये. जेट बाहेर काढून, भिंग घेऊन आकडा वाचावा आणि वहीत लिहून ठेवावा. पुण्यातल्या नाना पेठेसारख्या बाजारात अस्सल आणि नकली जेट एकाच काउंटरवर मिळतात. नकली जेटवर आकडा बरोबर असतो, छिद्र मात्र बरोबर असेलच असे नाही.

आकड्याच्या फरकाचा अंदाज घेण्यासाठी छिद्राच्या व्यासापेक्षा क्षेत्रफळाचा विचार करावा, कारण पेट्रोल क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाहते. १०० चा मेन जेट काढून १०२ चा घातला तर व्यास २ टक्के वाढतो, पण पेट्रोल ४ टक्के वाढते. १०५ घातला तर १० टक्के. जेट बदलताना दोन-तीन आकड्यांनीच पुढे का सरकावे, ते यावरून कळते.

याशिवाय चोकची स्वतंत्र वाट असते, तिचा जेटही वेगळा. चोकची दांडी ओढली की एक छोटा दट्ट्या उचलला जातो आणि त्या वाटेने दाट मिश्रण आत येते. ही वाट स्लाइड बंद असताना तिच्या मागे तयार होणाऱ्या ओढीवर चालते. थंड गाडी चोक ओढून सुरू करताना थ्रॉटल पिळला तर ती ओढच नाहीशी होते आणि किक मारून पाय दुखतात. चोकची तार गंजून दट्ट्या नीट खाली बसला नाही तर गाडी सदैव रिच चालते. अशा गाडीचे जेट लहान करत बसणारे अनेक आहेत. दोष तारेचा असतो.

हात लावण्याआधी

कार्बोरेटरवर येणारा दोषाचा आरोप निम्म्या वेळा खोटा ठरतो. मिसिंग बहुतेक वेळा प्लगमुळे किंवा पॉइंटमुळे येते, पिकअप सायलेन्सरमुळे मरतो, आणि बिचाऱ्या स्क्रूला मात्र सगळेजण पिळत राहतात. म्हणून क्रम पाळावा लागतो.

आधी ठिणगी. प्लगची फट ०.६ मिमीच्या आसपास, पॉइंटची ०.३ ते ०.५ मिमी. पॉइंट जळून खड्डा पडलेला असेल किंवा कंडेन्सर कमजोर असेल तर गाडी लीन असल्यासारखी अडखळते. टायमिंग त्या त्या मॉडेलच्या पुस्तकाप्रमाणे मॅग्नेटच्या खुणांवर तपासावे.

मग सायलेन्सर. पेट्रोलात जास्त ऑइल ओतून वर्षानुवर्षे चाललेल्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळीचे थर बसतात. जळलेला वायू बाहेर पडायला वाट उरली नाही तर ताजे मिश्रण आत येत नाही आणि गाडी रिच असल्यासारखी घुसमटते. सायलेन्सर साफ केल्यावर मिश्रण पुन्हा तपासावे लागते, कारण हवा वाढल्यामुळे तेच जेट आता लीन ठरू शकतात.

पेट्रोलची वाटही मोकळी हवी. टाकीच्या झाकणाचे बारीक भोक बुजले तर काही किलोमीटरनंतर टाकीत पोकळी तयार होऊन पेट्रोल येणे बंद होते. पेट्रोल कॉकची जाळी, नळीतला पीळ, कार्बोरेटरच्या तोंडावरच्या बोल्टमधली जाळी या तिन्ही जागा पाहाव्यात. उघड्या कॉकमधून पेट्रोलची अखंड धार पडली पाहिजे. थेंब पडत असतील तर पूर्ण थ्रॉटलला फ्लोट चेंबर रिकामे होणार. फ्लोटची पिन जीर्ण झाली असेल तर याच्या उलट होते: चेंबर भरून वाहते, गाडी ओव्हर होते, सकाळी स्टँडखाली पेट्रोलचा डाग दिसतो.

स्कूटर तिरकी करून मग किक मारण्याची सवय याच वाटेशी जोडलेली आहे. गाडी कलली की टाकीच्या तळाशी उरलेले पेट्रोल कॉकच्या तोंडाकडे येते, आणि फ्लोट चेंबरमधली पातळी बिघडून मिश्रण काही क्षण रिच होते. थंड किंवा बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीला नेमके तेच हवे असते. पण रोज गाडी तिरकी केल्याशिवाय सुरू होत नसेल तर चोक, पायलट जेट किंवा पेट्रोलची पातळी यांपैकी काहीतरी बिघडले आहे. उपाय तिथे करायचा.

सगळ्यात दगाबाज दोष म्हणजे बाहेरून हवा ओढली जाणे. कार्बोरेटरखालचे पॅकिंग, डब्याखालचे पॅकिंग, क्रँककेसचा जोड आणि क्रँकच्या दोन बाजूंची ऑइल सील या जागी गळती असेल तर जेटांनी न मोजलेली हवा आत जाते. मॅग्नेटच्या बाजूचे सील गेले की गाडी लीन होते, थ्रॉटल सोडल्यावरही रेस खाली येत नाही, कधी आपोआप वाढते. क्लचच्या बाजूचे सील गेले की इंजिन गिअरबॉक्समधले ऑइल पिऊ लागते. पांढरा दाट धूर येतो आणि सव्वादोनशे-अडीचशे मिलिलिटरचे गिअर ऑइल हळूहळू नाहीसे होते. सील बदलल्याशिवाय सेटिंग करणे म्हणजे चुकीच्या वजनांनी माल मोजणे. कार्बोरेटर धरून ठेवणारे दोन नट अवाजवी आवळले तर त्याचा मऊ धातूचा तळ वाकतो, मग पॅकिंग नवे घालूनही हवा शिरते आणि स्लाइड अडकू लागते. वाकलेला तळ काचेवर ठेवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर घासून सपाट करता येतो.

साफसफाई करताना जेटमध्ये तांब्याची तार घालण्याची पद्धत सर्रास आहे आणि ती सोडायला हवी. पितळ मऊ असते. दरवेळी तार फिरली की छिद्र थोडे रुंदावते आणि कोरलेल्या आकड्याला अर्थ उरत नाही. जेट पेट्रोलात किंवा कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवून हवेच्या दाबाने फुंकावा. अडलेच तर नायलॉनचा बारीक दोरा पुरेसा आहे. एअर फिल्टरची जाळी पेट्रोलात धुऊन, वाळवून परत बसवावी. फिल्टर काढून गाडी पळवली तर हवेचा अडथळा जातो आणि मिश्रण लीन होते. वर रस्त्यावरची धूळ थेट पिस्टनवर.

ऑइलचे प्रमाण हेही सेटिंगचाच भाग आहे. लिटरमागे २० मिलिलिटर टू-टी ऑइल म्हणजे २ टक्के. 'जास्त घातलेले बरे' म्हणून ४ टक्के घातले तर त्याच जेटमधून जाणाऱ्या द्रवात पेट्रोल २ टक्क्यांनी कमी होते, म्हणजे मिश्रण किंचित लीनच होते, आणि धूर वाढतो तो निराळा. सेटिंग ज्या प्रमाणावर केले तेच प्रमाण पुढे ठेवावे.

स्क्रूचा दीड फेरा

सेटिंगला लागणारे दोन स्क्रू. एक कार्बोरेटरच्या माथ्यावर, स्लाइड किती उघडी राहणार ते ठरवणारा. त्याने आयडलिंगची रेस कमी-जास्त होते. दुसरा डब्याच्या मागच्या बाजूला, रबरी बुचामागे लपलेला मिक्श्चर स्क्रू. गॅरेजमध्ये दोघांनाही बिनदिक्कत 'एअर स्क्रू' म्हणतात आणि त्यातून मोठा घोटाळा होतो. काही मोटारसायकलींच्या कार्बोरेटरवर खरोखरच हवेचा स्क्रू असतो. तो बाहेर काढला की हवा वाढून मिश्रण लीन होते. एसआयवरचा मिक्श्चर स्क्रू उलटा चालतो. त्याचे टोक स्लाइडच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला असते, आणि पायलट जेटमधून आलेले तयार मिश्रण किती सोडायचे ते तो ठरवतो. बाहेर काढला की रिच, आत घेतला की लीन.

काम पूर्ण तापलेल्या इंजिनावर करायचे. गाडी दहा-पंधरा मिनिटे रस्त्यावर चालवून आणावी. जागेवर रेस देऊन तापवलेले इंजिन पुरत नाही. चोक पूर्ण बंद आहे याची खात्री करावी. मग इंजिन बंद करून मिक्श्चर स्क्रू बोटाच्या हलक्या जोराने आत टेकेपर्यंत फिरवावा. जोर लावला तर टोकाच्या निमुळत्या भागावर वळी उमटते किंवा छिद्राचे तोंड फाटते, आणि मग तो कार्बोरेटर आयडलिंगला कधीच नीट येत नाही. टेकलेल्या स्थितीतून दीड फेरा बाहेर काढावा. ही फक्त सुरुवातीची जागा आहे.

गाडी सुरू करून वरच्या स्क्रूने रेस नेहमीपेक्षा थोडी वाढवून ठेवावी. आता मिक्श्चर स्क्रू पाव फेरा बाहेर, मग थांबावे. टू-स्ट्रोक इंजिन लगेच उत्तर देत नाही. क्रँककेसमधले जुने मिश्रण संपायला काही सेकंद जातात. घाई करणाऱ्याचा हात नेमका इथे चुकतो. रेस वाढली तर आणखी पाव फेरा, कमी झाली तर उलट दिशेने. रेस सर्वाधिक आणि आवाज सर्वात एकसारखा असेल ती जागा सापडली की तिथून अर्धपाव ते पाव फेरा बाहेर, म्हणजे रिचकडे, सोडावे. मग वरचा स्क्रू मागे घेऊन रेस नेहमीच्या पातळीवर आणावी.

स्क्रू कुठे येऊन थांबला हीदेखील माहितीच आहे. एका फेऱ्याच्याही आत योग्य जागा सापडत असेल तर पायलट जेट मोठा आहे. अडीच-तीन फेऱ्यांपर्यंत बाहेर काढावा लागत असेल तर तो लहान आहे किंवा अर्धवट बुजला आहे, नाहीतर कुठून तरी हवा शिरते आहे. स्क्रू पूर्ण आत घेतल्यावर इंजिन बंद पडले पाहिजे. पडत नसेल तर स्लाइड जास्त उघडी आहे किंवा मिश्रण दुसऱ्या वाटेने आत येते आहे, आणि स्क्रू फिरवण्याला काही अर्थ नाही.

यानंतरची परीक्षा रस्त्यावर. आयडलिंगवरून थ्रॉटल हळू उघडला की गाडीने न अडखळता पिकअप घेतला पाहिजे. उघडताक्षणी गुदमरून मग एकदम सुटत असेल तर सुरुवात लीन आहे. थ्रॉटल सोडल्यावर रेस हवेत लटकून सावकाश खाली येत असेल तरी लीन. फट-फट असा तुटक आवाज करत, जणू एक फेरा सोडून एक फेरा पेट घेत असेल, तर रिच. एसआयमध्ये पायलटची वाट पूर्ण थ्रॉटललाही पेट्रोल देत राहते. तिचा सर्वाधिक प्रभाव पहिल्या पाव-तिसऱ्या हिश्श्यापर्यंत असला तरी पायलट बदलला की वरचा टप्पाही थोडा सरकतो. म्हणून क्रम असा: आधी पायलट, मग मेन जेट, आणि मग पुन्हा एकदा पायलट. शहरातली स्कूटर आयुष्याचा मोठा भाग या पायलटवरच काढते. ज्यांना अॅव्हरेज हवे त्यांनी मेहनत इथे घ्यावी. मेन जेट लहान करून शहरात काही मिळत नाही.

प्लगचा रंग

मेन जेटचा निवाडा पूर्ण थ्रॉटलवर होतो. त्यासाठी मोकळा रस्ता, शक्यतो हलका चढ, आणि नवा प्लग हवा. जुन्या प्लगवरचा रंग अनेक महिन्यांच्या सवयींचा असतो. तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर अर्धा-एक किलोमीटर गाडी चालवून, थ्रॉटल न सोडता एकाच वेळी क्लच दाबायचा आणि इंजिन बंद करायचे. गाडी बाजूला घेऊन प्लग उघडायचा. मागून वाहन येत नाही याची खात्री, डोक्यावर हेल्मेट आणि हातात मोजे या गोष्टी गृहीत आहेत.

पाहायचे ते प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीच्या नळीचे बूड, जिथे ती धातूच्या आत खोल जाते. तिथे फिकट तपकिरी कडे दिसले तर जेट बरोबर. ओली काजळी असेल तर जेट मोठा. कोरडी पांढरी, तिच्यावर चमकणारे बारीक कण असतील तर तिथेच थांबावे. ते कण पिस्टनच्या अॅल्युमिनियमचे असू शकतात आणि इंजिन पकडण्याच्या बेतात असते. हल्लीच्या शिसेविरहित पेट्रोलवर रंग पूर्वीपेक्षा फिकट येतो, हे ध्यानात ठेवावे. जुन्या पुस्तकांतला गडद चॉकलेटी रंग आज दिसला तर तो रिचकडे झुकलेला समजावा.

प्लगशिवायही एक कसोटी आहे. पूर्ण थ्रॉटलवर चालू असताना तो किंचित मागे घ्यावा. गाडी थोडी जास्त ओढू लागली तर मेन जेट लहान असण्याचा संभव मोठा. पूर्ण थ्रॉटलला फट-फट सुरू होऊन थोडा मागे घेताच आवाज स्वच्छ झाला तर जेट मोठा. सुरुवात नेहमी जाणूनबुजून मोठ्या जेटने करावी आणि दोन-तीन आकड्यांनी खाली यावे, म्हणजे शोधाच्या वाटेत पिस्टनचा बळी जात नाही. आवाज नुकताच स्वच्छ झाला की आणखी खाली उतरू नये.

मिश्रण बरोबर असूनही टू-स्ट्रोक इंजिन एका प्रसंगी उपाशी राहते: लांब उतारावर. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना थ्रॉटल बंद, गाडी गिअरमध्ये आणि चाक इंजिनाला फिरवते आहे. फेरे खूप, पेट्रोल जवळजवळ नाही, म्हणून ऑइलही नाही. अशा उतारावर अधूनमधून थ्रॉटल थोडा पिळून इंजिनाला घोटभर ऑइल द्यावे. पिस्टन पकडू लागल्याची पहिली खूण म्हणजे ब्रेक न लावता मागून खेचल्यासारखी वाटणारी गती. तत्क्षणी क्लच दाबला तर बोअर आणि बसणारा दोघेही वाचतात.

इथेनॉल, उंची आणि ऋतू

कारखान्याने दिलेले आकडे शुद्ध पेट्रोल धरून ठरवलेले होते. आज पंपावर मिळते ते बहुतेक ठिकाणी ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले. देशाने १० टक्के मिश्रणाचा टप्पा २०२२ मध्ये आणि २० टक्क्यांचा २०२५ मध्ये गाठला. त्यातले काही इथेनॉल उसापासून येते, म्हणजे कोल्हापूर, सांगली, नगरच्या ज्या रस्त्यांवर या स्कूटर धावल्या त्याच रस्त्यांकडेच्या शेतांतून.

एक किलो इथेनॉल जळायला सुमारे ९ किलोच हवा लागते. हिशेब केला तर ई२० ला १३.५ किलोच्या आसपास हवा पुरते, शुद्ध पेट्रोलला १४.७. जेट आणि हवा तीच राहिली तर मिश्रण सुमारे ८ टक्क्यांनी लीन होते. ज्या गाडीचे सेटिंग आधीच अॅव्हरेजसाठी काठावर नेऊन ठेवले आहे तिच्यासाठी ही ८ टक्के तूट पुष्कळ आहे. क्षेत्रफळ ८ टक्के वाढवायचे म्हणजे व्यास ४ टक्के: १०० च्या जागी १०४ किंवा १०५ चा मेन जेट. पायलटला बहुधा मिक्श्चर स्क्रूचा अर्धा फेरा पुरतो. न पुरल्यास एक पायरी रिच जेट. १५० सीसीच्या मूळ इंजिनाला एवढे केल्यावर आयडलिंग शांत होते आणि थ्रॉटल सोडल्यावर रेस लटकणे थांबते. लिटरमागचे किलोमीटर थोडे घटतात. इथेनॉलमध्ये उष्णताच कमी असल्याने ती घट जेट न बदलताही टळत नाही.

उंचीचा परिणाम याच्या उलट. वर जावे तशी हवा विरळ होते, पेट्रोल मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही, म्हणून मिश्रण रिच होते. हवेच्या घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात हा फरक पडतो. समुद्रसपाटीच्या मुंबईत बसवलेली गाडी ५६० मीटरवरच्या पुण्यात सुमारे ३ टक्के रिच चालते, साडेतेराशे मीटरवरच्या महाबळेश्वरात ६ टक्क्यांच्या आसपास. दोन्हींसाठी जेट बदलण्याची गरज नाही. फार तर स्क्रू किंचित आत घ्यावा आणि खाली उतरताच आठवणीने परत बाहेर. साडेतीन हजार मीटरवरच्या लेहला चेतक घेऊन जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे हवेची घनता जवळपास ३० टक्क्यांनी घटते आणि मिश्रण १९-२० टक्के रिच होते. १०० च्या जागी ९२ च्या आसपासचा जेट तिथे बरोबर बसेल, पण तोच जेट घेऊन मैदानात उतरणारी गाडी पहिल्याच सपाट रस्त्यावर पकडेल. वरच्या जेटची जागा खिशात, खालच्याची गाडीत, आणि बदल उतरायला लागण्यापूर्वी.

ऋतूंचा फरक यापेक्षा लहान आहे, तरी नगण्य नाही. ४० अंशांच्या दुपारपेक्षा १५ अंशांच्या पहाटे हवा सुमारे ९ टक्के दाट असते आणि मिश्रण ४ टक्के लीन होते. मे महिन्यात काठावर बसवलेली गाडी डिसेंबरात लटकू लागते ती यामुळे. सेटिंग हिवाळ्यात केले तर उन्हाळ्यात गाडी थोडी रिच होईल, आणि त्याने इंजिनाचे काही बिघडत नाही.

इथेनॉलचा दुसरा उपद्रव मिश्रणाशी थेट संबंधित नसला तरी शेवटी जेटपर्यंतच पोहोचतो. ते हवेतली ओल शोषते. पावसाळ्यात दोन-तीन आठवडे उभ्या राहिलेल्या गाडीत, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसते. ते जस्तमिश्रित धातूच्या चेंबरला खाते आणि त्याची पांढरी पूड पायलट जेटच्या अर्ध्या मिलिमीटरहून लहान छिद्रात जाऊन अडकते. जुन्या रबरी नळ्या फुगतात, त्यांचे कण निघतात. नळी इथेनॉल सोसणाऱ्या रबराची घ्यावी, फ्लोटच्या पिनचे टोक आणि पॅकिंगही तसेच. गाडी आठवडाभराहून अधिक उभी राहणार असेल तर शेवटच्या फेरीत घराच्या थोडे अलीकडेच पेट्रोल कॉक बंद करावा, सावकाश घरापर्यंत यावे, आणि चेंबरमधले उरलेले पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते दारात आयडलिंगवर चालू ठेवावे.